चिंधीनं कुठं राहावं

पुण्याची नोकरी घरून करता येऊ लागली तेव्हा मुलगा उदगीरला परत आला आणि त्याच्यासोबत त्याची दोन कुत्री आली. घरात चिंधी आधीपासून होती. अंगावर काळे, पिवळे, पांढरे तुकडे, म्हणून आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तिचं नाव चिंधी ठेवलेलं. (अशी तिरंगी मांजरं जवळजवळ सगळी मादीच असतात.) त्यानंतर कितीतरी महिने आमच्याकडं जेवताना, झोपताना एकच विषय असायचा. चिंधीला इथंच ठेवायचं, की तिच्यासाठी दुसरं घर बघायचं? आता गावात घरोघरी कुत्री आत आली आहेत, आणि मांजरं तर पहिल्यापासून आहेतच. तेव्हा माझ्यासारखी आणखी कुणी या कोड्यात अडकली असेल म्हणून त्या दिवसांत जे जे उमगत गेलं ते मांडून ठेवते.

१. भांडण नाही म्हणजे घरात सगळं ठीक आहे, असं नसतं. आमच्याकडं कुत्र्यांची आणि चिंधीची झटापट कधीच झाली नाही. येणारेजाणारे कौतुक करत, "किती गुण्यागोविंदानं राहतात हो सगळी!" पण चिंधी दिसायचीच बंद झाली होती. एरवी दुपारच्या चहाला ओट्यापाशी येऊन बसणारी, घराच्या बरोबर मधून शेपटी उभी करून चालत जाणारी ही बाई आता दिवसभर माळ्यावर, तांब्या-पितळेच्या भांड्यांमागं. खाली उतरली तरी भिंतीला धरून, पोट जमिनीला टेकवत. खायची तेही सगळं घर झोपल्यावर. दाराच्या चौकटीला गाल घासणं थांबलं, पोत्यावर नखं काढणं थांबलं. मांजर उंदराची शिकार करतं, पण मोठ्या जनावरांच्या लेखी तेही भक्ष्यच. त्यामुळं दुखलंखुपलं लपवायचं, आवाज करायचा नाही, हे त्याच्या जातीत मुरलेलं असतं. कुत्रं घाबरलं की सगळ्या गल्लीला कळतं. चिंधी नुसती कमी कमी होत गेली.

२. घरचे ज्याला रुसवा म्हणतात तो कधीकधी आजार असतो. एके सकाळी गाद्यांची चवड ओली सापडली. मग पुन्हा तेच. मग धुण्याच्या टोपल्यात. आत्याबाई म्हणाल्या, "कुत्र्याचा राग आपल्यावर काढायली बघ." पांढऱ्या चादरीवर गुलाबी डाग दिसला तेव्हा तिला टोपलीत घालून पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात नेलं. १९८७ पासून हे महाविद्यालय आमच्या गावात आहे आणि देवणी गाईच्या या मुलखाला त्याचा मोठा आधार आहे. गाई, म्हशी, शेळ्या घेऊन आलेल्या माणसांत मी एक मांजर घेऊन उभी होते. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की मूत्राशयाला सूज आहे, पण जंतूंची बाधा नाही. सतत धास्तीत राहणाऱ्या मांजरांना असं होतं. पाळीव मांजराचे पूर्वज उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलखातले. थोड्या पाण्यावर भागवायचं आणि लघवी घट्ट करायची, ही त्यांची मुळातली घडण. त्यात भीतीपोटी पाण्याकडं जाणं कमी झालं, लघवी धरून ठेवायची वेळ आली, की दुखणं वाढत जातं. बोक्यांचा तर मूत्रमार्गच तुंबतो आणि एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. "औषध देतो," डॉक्टर म्हणाले, "पण खरा इलाज तुमच्या घरात आहे." लाडाचा विषय त्या दिवशी संपला आणि तब्येतीचा सुरू झाला.

३. कुत्र्यांना दोषी ठरवून सुटका होत नाही. मोठा वाघ्या हा कारवानी. मुलाच्या मित्रानं माळेगावच्या यात्रेतून आणलेलं पिल्लू. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातलं हे माळेगाव. मार्गशीर्षात तिथं खंडोबाची यात्रा भरते, जनावरांचा मोठा बाजार लागतो, आणि घोड्या-गाढवांसोबत कुत्र्यांनाही तिथं मान असतो. लांब पाय, खोल छाती, आत गेलेलं पोट. या जातीला दख्खनच्या माळरानांवर पिढ्यान् पिढ्या सशामागं पळण्यासाठी वाढवलं गेलं. हे कुत्रं वासापेक्षा नजरेवर शिकार करतं. जे पळतं त्याच्यामागं ते धावतं, आणि घाबरलेलं मांजर पळतंच. धाकटी राणी गावठी, पुण्यात रस्त्यावर सापडलेली, स्वभावानं मऊ. तिला चिंधीशी नुसतं खेळायचं होतं. शेपूट हलवत, पुढचे पाय पसरून ती खाली वाकायची. कुत्र्यांमध्ये ते खेळाचं आमंत्रण असतं. मांजराची शेपटी हलते ती चिडल्यावर, आणि समोरून सरळ तोंडावर येणं हे मांजरांमध्ये बहुतेकदा हल्ल्याचं लक्षण असतं. राणी बिचारी आर्जव करत होती आणि चिंधीला ती धमकी वाटत होती. यात मी कुणाला रागवायचं?

४. पूर्वी कुत्री-मांजरं एकाच घरात राहायची, मग आताच काय झालं, असं पुष्कळांनी विचारलं. मलाही तेच पडलेलं. याचं उत्तर मला घराच्या छपरात सापडलं.

मी लग्न होऊन आले तेव्हा हे घर माळवदाचं होतं. लाकडी सर, त्यावर फळ्या आणि पाला, आणि सगळ्यांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर. उजेडासाठी मधोमध सवणं. एका घराचं माळवद दुसऱ्याला लागून, दुसऱ्याचं तिसऱ्याला. उन्हाळ्यात आम्ही वर झोपायचो, पापड-कुरडया तिथंच वाळायच्या आणि मांजरं जमिनीला पाय न लावता या गल्लीतून त्या गल्लीत जायची. कुत्रं खाली अंगणात. त्याला भाकरी दारात मिळायची, उंबरठा ओलांडायची त्याला मुभा नव्हती. दोघांची ओळख होती, कधी दुरून फिस्कारणं-भुंकणं व्हायचं, पण एकाचा मुलूख वर आणि दुसऱ्याचा खाली. दोघांना एका जमिनीवर राहायला कुणी लावलंच नव्हतं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आमचं गाव उभं राहिलं, पण तिकडं औसा-उमरग्याच्या पट्ट्यात दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदांचं ओझं झोपलेल्या माणसांवर कोसळलं आणि हजारो माणसं गेली. त्यानंतर माळवदाखाली झोप लागेना. आम्ही आमचं माळवद उतरवलं आणि स्लॅब टाकला, गावात अनेकांनी तेच केलं. याचं मला कधी वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. माणसाचा जीव आधी. पण त्यानंतर प्रत्येक स्लॅबची उंची निराळी झाली, मध्ये फटी पडल्या, भिंतींवर काचा लागल्या आणि मांजरांचे वरचे रस्ते तुटले. मांजर खाली आलं. नंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत कुत्र्यानं उंबरठा ओलांडला, फरशीवर आलं, सोफ्यावर चढलं. आता दोघांची जमीन एकच. चिंधीच्या भीतीचं कारण मी इतके दिवस वाघ्याच्या दातांत शोधत होते. ते आमच्या घराच्या बांधणीत होतं.

५. म्हणून घर देण्याआधी घर बदलून बघायचं ठरवलं. सुताराला बोलावून ओट्यापासून माळ्यापर्यंत भिंतीवर फळ्या ठोकून घेतल्या, म्हणजे तिला जमिनीवर न उतरता जाता येईल. मधल्या खोलीला जाळीचं दार बसवलं, दिसेल पण शिवता येणार नाही असं. कुत्र्यांच्या अंगाखालचं फडकं तिच्या ताटलीजवळ आणि तिचं फडकं त्यांच्याजवळ, म्हणजे वासाची ओळख आधी व्हावी. वाळूची दोन घमेली, त्यातलं एक वरच्या खोलीत. पाणी खाण्यापासून लांब आणि एकापेक्षा जास्त ठिकाणी. मांजरं गाल घासून जो गंध सोडतात तसा कृत्रिम गंध सोडणारं एक यंत्र मुलानं मागवलं, तेही लावलं. वाघ्याच्या गळ्यात पट्टा, आणि चिंधीकडं बघून त्यानं नजर वळवली की लगेच उकडलेल्या अंड्याचा तुकडा. मुलानं यात जीव ओतला. रोज सकाळ-संध्याकाळ, न कंटाळता.

फरक पडला. रक्त थांबलं, अन्न जाऊ लागलं. राणी तर शहाणी झाली, जाळीपाशी पाठ करून झोपू लागली. वाघ्याही आमच्यासमोर नजर वळवायचा. पण एकदा अंगणात खार पळाली आणि पट्ट्यासकट तो ज्या वेगानं सुटला तो वेग मी पाहिला. आम्ही समोर नसताना या दोघांना एका खोलीत ठेवायचं नाही, हे त्या क्षणी पक्कं झालं. आणि आम्ही चोवीस तास समोर राहणार कसे?

६. मांजर घुरघुरतं म्हणजे ते सुखात आहे, या समजुतीवर मी फार दिवस विसंबून होते. रात्री वरच्या खोलीत चिंधी माझ्या मांडीवर यायची, डोळे बारीक करायची, घुरघुरायची. मनाशी म्हणायचे, बघ, खूश आहे की. डॉक्टर म्हणाले, दुखत असताना, भेदरलेली असतानाही मांजरं घुरघुरतात. त्यानं त्यांना स्वतःलाच धीर येत असावा. डोळे सावकाश मिटून उघडणं मात्र विश्वासाचं खरं. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये हे तपासून पाहिलं. माणसानं सावकाश डोळे मिचकावले तर मांजरंही तसंच करून उत्तर देतात आणि जवळ यायला राजी होतात. चिंधी मला ते उत्तर द्यायची. याचा अर्थ एवढाच की तिचा माझ्यावर विश्वास होता. घरावरचा उडाला होता.

मग मी निराळ्या गोष्टी बघू लागले. ती कधी अंग सैल सोडून, पाय पसरून, कुशीवर झोपते का? दाराकडं पाठ करून बसते का? दिवसाउजेडी खोलीच्या मधून चालते का? महिन्यांमागून महिने गेले, तिन्हींचं उत्तर नाही असंच येत राहिलं. मांजराच्या पिलाला दुसऱ्या आठवड्यापासून साधारण सातव्या आठवड्यापर्यंत जे जे भेटतं ते त्याला पुढं आपलं वाटतं. त्या वयात चिंधीला कुत्रं कधी भेटलं नव्हतं. आता ती सात वर्षांची होती. घरातली मांजरं पंधरा वर्षंही जगतात. म्हणजे अजून तितकीच वर्षं जाळीच्या दारामागं, एका खोलीत? कुणी म्हणेल, जगतेय ना, खातेय ना. मला ते पुरेसं वाटेना.

७. आधी कोण आलं या हिशेबानं न्याय होत नाही. मुलगा एका रात्री म्हणाला, "आई, ती आधीची आहे. मी वाघ्याला देतो कुणाला तरी." बोलताना त्याचा आवाज कापत होता. हा विचार आम्ही मनापासून केला, कारण तो रास्त होता. वाघ्याला मागायला दोघं-तिघं आलेही. एकाला शेतात रानडुकरं हाकायला कुत्रं हवं होतं आणि दिवसभर ते साखळीला राहणार होतं. एकाच्या बोलण्यातून ससे डोकावले. ती शिकार तर कायद्यानंच बंद आहे. कुत्र्याचं घर म्हणजे माणूस. मुलगा दुकानात गेला तरी वाघ्या दारात डोळे लावून बसतो. त्याच्यासाठी मुलाच्या जागी दुसरं काही ठेवता येत नव्हतं. चिंधीला हवी होती ती शांत, उंच, कुत्र्याविना जागा, आणि अशी जागा याच गावात सापडण्यासारखी होती. कुणाचा हक्क मोठा हे मला आजही सांगता येणार नाही. कुणाला चांगलं घर मिळू शकतं, एवढंच पाहिलं.

८. देणं आणि सोडून देणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि हा फरक गावात फार थोड्यांना वाटतो. "एवढा काय विचार करायचा? पोत्यात घाला आणि नदीपलीकडं सोडून या. वाट दिसली नाही की परत येत नाही." हे सांगणारी माणसं वाईट नव्हती. त्यांच्या आजोबांनी केलं, वडिलांनी केलं. पण मला ते ऐकवत नसे. घरात वाढलेल्या मांजराला अनोळखी ठिकाणी पाण्याची जागा ठाऊक नसते, तिथली मांजरं त्याला टिकू देत नाहीत, आणि कुत्री तर सगळीकडंच आहेत. ज्या भीतीतून तिला बाहेर काढायचं तिच्यातच ढकलून यायचं, आणि वर स्वतःला सुटलो म्हणायचं? १९६० च्या प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याला प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात, जनावर उपाशी-तहानलेलं राहील अशा स्थितीत टाकून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी दंड दहा ते पन्नास रुपये लिहिलाय. पन्नास रुपयांची भीती कुणाला वाटणार? ज्याला वाटायची त्याला ती दंडाशिवायच वाटते.

९. "कुणीतरी घेईल" हे उत्तर नाही. कोण, कुठं, कशाला, हे विचारावंच लागतं. मोंढ्यातल्या एका आडत दुकानदारानं लगेच हो म्हटलं. तुरीच्या थप्प्या, उंदीर भरपूर, मांजर हवंच होतं. पण गोदामात उंदरांसाठी विषाच्या गोळ्या ठेवतात, आणि विष खाल्लेला उंदीर खाऊन मांजर मरतं. माझ्या भावानं शेतातला कोठा सुचवला. मोकळी हवा खरी, पण रात्री तिथं माणूस नाही आणि राखणीला दोन कुत्री. दोन्ही ठिकाणी नम्रपणे नको म्हटलं. माणसं जरा दुखावली.

१०. जे घर मी लांब शोधत होते ते माझ्या ओळखीचंच, आपांचं निघालं. आपा आणि मी २०११ च्या जनगणनेचं काम सोबत केलेलं. त्या उर्दू शाळेत होत्या, मी मराठी शाळेत. दोघी उन्हातान्हात वह्या घेऊन किल्ल्याच्या बाजूच्या गल्ल्या फिरलो, तेव्हापासूनचा जिव्हाळा. आता त्या निवृत्त, जुन्या गावातल्या घरात एकट्या. लेक हैदराबादला. एकदा दुपारी त्यांच्याकडं बसले असताना चिंधीचं सगळं सांगितलं, नुसतं मन मोकळं करायला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "लाव उसकू. हमारे घर में कुत्ते का नामच नै."

मग त्यांनी समजावून सांगितलं. बऱ्याच मुसलमान घरांत कुत्र्याला आत घेत नाहीत, कारण त्याची लाळ लागली तर नमाजासाठी कपडे, भांडी पुन्हा पाक करावी लागतात. मांजराला मात्र मज्जाव नाही. मांजरानं तोंड लावलेलं पाणी वजूलाही चालतं असं मानतात. प्रेषितांचे एक सहकारी तर मांजराच्या पिलाच्या लळ्यामुळं अबू हुरैरा या नावानंच ओळखले जातात, आणि सर्वांत जास्त हदीस त्यांच्याच तोंडून आलेल्या आहेत. मी उभा जन्म या गावात काढला. ईदचा शिरखुर्मा दरवर्षी खाल्ला, लग्नांना गेले, मयतीला गेले. शेजारच्या उंबरठ्याच्या आत कुठल्या जनावराला जागा आहे आणि कुठल्या नाही, का आहे, हे मला ठाऊक नव्हतं. त्या दुपारी मला माझं गाव थोडं जास्त कळलं. आणि आपांच्या घराचा मागचा अर्धा भाग अजून माळवदाचा होता. वर जायला दगडी जिना, शेजारी तशीच दोन-तीन माळवदं एकाला एक लागून. ते पाहिल्यावर माझा निर्णय जवळजवळ झालाच.

११. घरात सगळ्यांत म्हातारं माणूस जे बोलतं ते अडवणूक म्हणून ऐकू नये. आत्याबाई कडाडल्या, "घरचं लेकरू कोन दुसऱ्याला देतंय का गं?" ह्यांनी समजावलं, मुलानं समजावलं. त्या गप्प बसल्या, पण जेवेनात. रात्री मी पाय चेपत बसले होते तेव्हा हळूच म्हणाल्या, "मला कोन इचारलं होतं? बिदरकडून उचलले, इथं आनले. कन्नडशिवाय एक अक्षर येत नव्हतं मला. मी महिनाभर कोपऱ्यात बसून रडले." मी काही बोलू शकले नाही. आत्याबाई या घरात आल्या तेव्हा परत जायची वाट बंद झाली होती, आणि आजवर त्यांनी ते कुणाजवळ काढलं नव्हतं. थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, "न्यायचं तर ने. पर हिला तरी इचार. नाही रमली तर परत आन."

मांजराला विचारायचं कसं? ते त्यांच्या त्या वाक्यातूनच सुचलं. आपांशी बोलून ठरवलं की आधी महिनाभर पाठवायचं, कायमचं नाही. तिची वरची खोली, फळ्या, घमेलं, काही काढायचं नाही. ज्या तीन गोष्टी मी आमच्या घरात बघत होते त्याच आपा त्यांच्या घरात बघणार. उत्तर नाही आलं तर चिंधी परत येणार आणि आम्ही दुसरा विचार करणार. आपांना हे पटलं. उलट त्यांनाच हायसं वाटलं, कारण न रमलेलं मांजर गळ्यात पडेल की काय, ही काळजी त्यांनाही असणारच.

१२. नेऊन सोडलं की काम संपत नाही, खरं तिथून सुरू होतं. मांजर जागेला धरून असतं. नव्या घरातून सुटलं तर जुन्या घराच्या ओढीनं गाव ओलांडून निघतं आणि रस्त्यावर गाडीखाली येतं. म्हणून पहिले तीन-चार आठवडे बाहेर सोडायचं नाही, आणि सुरुवातीला एकच खोली. तिची न धुतलेली चादर, तिचीच ताटली, घमेल्यात आमच्याकडचीच वाळू. लसीची नोंद, औषधाचं नाव, लघवीत रक्त दिसलं तर कुठं जायचं, सगळं एका कागदावर लिहून दिलं. पहिल्यांदा ती दिवाणाखाली गेली ती गेलीच. आपांचा फोन आला, खात नाही. मांजर दोन-तीन दिवस पूर्ण उपाशी राहिलं तर त्याच्या यकृतावर चरबी चढायला लागते, त्यामुळं माझ्या पोटात गोळा आला. आपांनी बिनमिठाचा खिमा उकडून, कोमट करून, दिवाणाजवळ ठेवला आणि दिवा मालवून बाहेर बसल्या. ताटली रिकामी झाली. दुसऱ्या खोलीत यायला तिनं वेळ घेतला, माळवदाच्या जिन्याकडं जायला आणखी. महिना होत आला तेव्हा आपांनी एक फोटो पाठवला. भर दुपारी, खोलीच्या मधोमध, चिंधी कुशीवर झोपलेली, चारी पाय पसरून, दाराकडं पाठ करून. आत्याबाईंना चष्मा लावून दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "राहू दे तिकडंच."

१३. ती मला विसरेल, या भीतीची मी तयारी केली होती. जे झालं त्याची नव्हती. मी पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हा ती धावत आली, माझ्या साडीच्या निऱ्या हुंगल्या, आणि अंग फुगवून मागं सरली. साडीला वाघ्या-राणीचा वास होता. माझ्याच अंगाला तो वास होता, जो तिला नकोसा झालेला. घरी येऊन खूप रडले, खोटं कशाला सांगू. आता आपांकडं जायचं असलं की अंघोळ करून, वेगळ्या कपाटात ठेवलेली साडी नेसून, कुत्र्यांना न शिवता थेट निघते. आता ती मागं सरत नाही. मांडीवर येतेच असं नाही. आपांच्या मांडीवर जाते. हे बघायला सोपं नाही आणि तरी बघावंसं वाटतं.

१४. काही गोष्टी आधी बोलून ठेवल्या ते बरं झालं. लसीचा आणि दवाखान्याचा खर्च आमचा, खाण्याचा आपांनी हट्टानं स्वतःकडं घेतला. आपांना कुठं जावं लागलं किंवा झेपेनासं झालं तर चिंधीची जबाबदारी आमची, तिसऱ्या कुणाकडं द्यायची नाही. यंदा ईदनंतर आपा लेकीकडं हैदराबादला गेल्या तेव्हा मुलानं विचारलं, तेवढे दिवस चिंधीला इकडं आणू का, वाघ्याला मी वर ठेवतो. आम्ही नको म्हटलं. आपांनी किल्ली दिली आणि मीच तिकडं मुक्कामाला गेले. आत्याबाईही हट्ट धरून सोबत आल्या, पायऱ्या चढवत नसताना माळवदावर गेल्या, आणि संध्याकाळी शेजारच्या बायकांशी कन्नड-दखनीत गप्पा मारत बसल्या. इकडं कुत्र्यांचं आणि स्वयंपाकाचं हे आणि मुलगा बघत होते.